नवें-जुनें



सातारा जिल्ह्यांतील एका लहान गांवीं मी पुष्कळ वर्षें प्राथमिक शिक्षक होतों. शाळेला लागूनच विविध कार्यकारी सोसायटीची कचेरी होती. मार्च महिना लागला कीं त्या कचेरीच्या ओट्यावर माणसें जमत, आणि मुलांच्या पाढ्यांच्या गजरांत एक शब्द खिडकीवाटे वर्गांत येई, 'नवें-जुनें'. शेतकरी दोन दिवसांच्या बोलीनें कोणाकडून तरी हातउसने पैसे आणी, सोसायटीचें पीककर्ज भरून टाकी, लगेच नवें कर्ज उचली आणि त्यांतून हातउसने परत करी. सोसायटीच्या वहींत जुनें खातें मिटलें, नवें उघडलें; शेतकऱ्याच्या डोक्यावरचा भार होता तेवढाच राहिला. थकबाकीदारांच्या यादींत त्याचें नांव लागलें नाहीं, एवढाच काय तो लाभ. वर्गांत उभा राहून मला त्या लोकांची कींव येई. निवृत्त होऊन पुण्यास राहावयास आल्यावर तेंच नवें-जुनें मीं स्वतः केलें. शहरांत त्याला 'बॅलन्स ट्रान्सफर' असें भारदस्त नांव आहे, आणि तें ओट्यावर बसून होत नाहीं, टेलिफोनवरून होतें, एवढाच फरक.

एका क्रेडिट कार्डावर सांचलेलें देणें दुसऱ्या बँकेच्या कार्डावर, कांहीं मुदतीपुरत्या कमी व्याजानें, हलवून घेणें, ही या व्यवहाराची सोपी व्याख्या. तो करावा कीं करूं नये असें मला अलीकडे ओळखीचे लोक विचारतात. त्याचें उत्तर बरेंचसें हिशोबांत आहे आणि थोडेंसें माणसाच्या स्वभावांत आहे. दोन्ही आज आपणांपुढें मांडावयाचीं आहेत.

प्रथम जुन्या कार्डाचा हिशोब पाहूं. कार्डावर खरेदी केली आणि बिलाची सर्व रक्कम मुदतींत भरली, तर सुमारें वीस ते पन्नास दिवस बँकेचे पैसे आपणांस बिनव्याजी वापरावयास मिळतात. येथपर्यंत हा व्यवहार गिऱ्हाइकाच्या फायद्याचा आहे. परंतु बिलापैकीं कांहीं रक्कम मागें ठेवली कीं ही बिनव्याजी सवलत नाहींशी होते. मग व्याज मुदत संपल्याच्या दिवसापासून लागत नाहीं, खरेदीच्या दिवसापासून लागतें. आणि मागील बाकी पुरी फिटेपर्यंत त्या कार्डावर जी जी नवी खरेदी होईल तिलाहि पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतें. पेठेंतील वाण्याच्या उधारीशीं याची तुलना करणारे लोक ही गोष्ट विसरतात. वाण्याची उधारी महिनाभर थकली तर वाणी तोंड वांकडें करी. मागच्या महिन्यांतील साखरेवर व्याज लावीत नसे.

व्याजाचा दर दरमहा सांगण्याची या धंद्यांत चाल आहे. 'दरमहा साडेतीन टक्के' हे शब्द कानाला सौम्य लागतात. बारांनीं गुणले कीं ते वार्षिक बेचाळीस होतात, आणि चक्रवाढ पद्धतीनें मांडले तर शंभराचे वर्षअखेर एकशें एकावन्न होतात. या व्याजावर शेंकडा अठरा वस्तु व सेवा कर असतो, तो निराळा. शेंकडा बारा दरानें कर्ज देणाऱ्या माणसाला आमच्या गांवांत लोक सावकार म्हणत, आणि तो शब्द कौतुकानें उच्चारीत नसत.

आतां 'किमान देय रक्कम' हा प्रकार पाहावा. बिलाच्या कोपऱ्यांत एक मोठा आंकडा असतो आणि एक लहान. लहान आंकडा बहुधा एकंदर देण्याच्या सुमारें पांच टक्के असतो. तेवढा भरला कीं दंड होत नाहीं, कोणी टेलिफोन करीत नाहीं, आणि आपण व्यवहार चोख ठेवला असें माणसास वाटूं लागतें. एक लाख रुपये देणें धरूं. पहिल्या महिन्याचें व्याज ३,५०० रुपये, त्यावरील कर ६३० रुपये; बिल झालें १,०४,१३० रुपयांचें. त्याचे पांच टक्के म्हणजे ५,२०६ रुपये भरले. त्यांपैकीं ४,१३० रुपये व्याजांत व करांत गेले आणि मुद्दल १,०७६ रुपयांनीं उतरलें. कार्डावर पुढें एका पैशाचीहि खरेदी न करतां याच चालीनें भरत राहिलें, तर एक लाखाचे पन्नास हजार होण्यास पांच वर्षें चार महिने लागतात.

हा हिशोब मीं पुस्तकांतून घेतलेला नाहीं. तीन-चार वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. विम्याची रक्कम वजा जातां इस्पितळाचे एक लाख रुपये द्यावयाचे राहिले. मुलाला मागावेसें वाटेना. त्याच्या डोक्यावर घराचें कर्ज. बँकेंत तीन लाखांची मुदतठेव होती, पण ती 'अडीअडचणीची' म्हणून मोडावयाची नाहीं असा घरांत दंडक होता. जणूं पत्नीची शस्त्रक्रिया ही अडचण नव्हती! निवृत्तिवेतनाच्या खात्याबरोबर आलेलें कार्ड खिशांत होतें, तें पुढें केलें. पुढें आठ महिने किमान रक्कम भरली. एकंदर सुमारें चाळीस हजार रुपये गेले आणि देणें ९१,७०० रुपये उरलें. म्हणजे चाळीस हजार भरून देणें उतरलें आठ हजार तीनशें रुपयांनीं. चौतीस वर्षें मीं मुलांना चक्रवाढ व्याज शिकविलें. फळ्यावर उदाहरण सोडवितांना मुद्दल नेहमीं 'गोविंदाचें' किंवा 'एका व्यापाऱ्याचें' असे. स्वतःचें मुद्दल फळ्यावर मांडण्याचें मला सुचलें नाहीं. बँका बिलावर अशी सूचना छापतात कीं केवळ किमान रक्कम भरल्यास फेड कित्येक महिने वा वर्षें लांबेल आणि चक्रवाढ व्याज पडेल. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ सालच्या नियमांत ती सूचना देण्याचें बंधन घातलेलें आहे. तें वाक्य मीं आठहि महिने पाहिलें. वाचलें नाहीं.

अशा मनःस्थितींत दुसऱ्या एका बँकेकडून टेलिफोन आला. बोलणारी मुलगी फार नम्र होती. 'सर, आपलें जुन्या कार्डावरचें देणें आमच्याकडे आणा; व्याज तिसरा हिस्सा होईल,' असें ती म्हणाली. तिचें म्हणणें खोटें नव्हतें.

मोठा आंकडा सोडून सोयीसाठीं एक लाखाचाच हिशोब करतों. समजा, नव्या बँकेनें हलविण्याचें शुल्क दोन टक्के घेतलें, व्याज दरमहा सव्वा टक्का लावलें आणि बारा समान हप्ते बांधून दिले. शुल्क करासह २,३६० रुपये. हप्ता ९,०२६ रुपयांचा. वर्षभराचें व्याज ८,३१० रुपये. त्या व्याजावरील कर सुमारें १,५०० रुपये. सगळा खर्च १२,१७० रुपये, आणि वर्षअखेर देणें शून्य. कर धरून दरमहा सरासरीनें ९,१५० रुपये हातांतून जातात.

येथें जाहिरात थांबते आणि 'पाहा, केवढी बचत!' असें म्हणते. शिक्षकानें एक पाऊल पुढें जावें. हेच ९,१५० रुपये दरमहा जुन्याच कार्डावर भरले असते तर काय झालें असतें? तर तें देणें पंधराव्या महिन्यांत फिटलें असतें आणि खर्च सुमारें ३५,७५० रुपये आला असता. तेव्हां देणें हलविल्यानें वाचले साडेतेवीस हजार रुपये आणि तीन महिने. ही रक्कम लहान नाहीं. निवृत्त शिक्षकाला तर नाहींच नाहीं. पण पांच वर्षांत अर्धेंहि न फिटणारें देणें एका वर्षांत फिटतें, याचें श्रेय कमी व्याजाला थोडें आणि दरमहा न चुकणाऱ्या मोठ्या हप्त्याला फार. ज्याला तो हप्ता पेलत नाहीं, त्यानें देणें कोठेंहि हलवलें तरी तें त्याच्यामागें चालत येतें.

दराविषयीं दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतों. पहिली 'शून्य टक्के' या शब्दाची. कांहीं कार्डांवर साठ दिवस शून्य टक्के व्याज आणि दोन टक्के शुल्क अशी योजना असते. शुल्क करासह २.३६ टक्के झालें. तें दोन महिन्यांचें, म्हणजे दरमहा १.१८ टक्के पडलें. याला वार्षिक चौदा टक्के म्हणतात, शून्य म्हणत नाहींत. शिवाय साठाव्या दिवशीं रक्कम तयार नसली तर एकसष्टाव्या दिवसापासून नेहमींचा भारी दर सुरू होतो. दोन महिन्यांनीं एखाद्या विम्याचे वा ठेवीचे पैसे निश्चित यावयाचे असतील त्यालाच ही योजना उपयोगी. आपणांपैकीं ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्यांनीं तेथील पद्धत ऐकली असेल. तेथें शुल्क तीन ते पांच टक्के असतें, पण शून्य व्याजाची मुदत बारा, अठरा, क्वचित् एकवीस महिन्यांपर्यंत मिळते, आणि २००९ सालच्या कायद्यानें अशी सवलत निदान सहा महिने तरी चालली पाहिजे असें ठरविलेलें आहे. तेथील सल्ला जसाच्या तसा उचलून येथें वापरणें धोक्याचें आहे. मुलगा टेलिफोनवर 'बाबा, दीड वर्ष बिनव्याजी मिळतें' म्हणतो तें त्याच्या कार्डाविषयीं खरें असेल, आपल्या कार्डाविषयीं नव्हे.

दुसरी गोष्ट सरसकट दराची. 'दरमहा फक्त एक टक्का' असें सांगून तो टक्का मूळ रकमेवर बाराहि महिने आकारण्याची एक रीत आहे. एक लाखावर वर्षाचे बारा हजार, आणि हप्ता ९,३३३ रुपयांचा. मुलांना मी विचारीत असें : सहाव्या हप्त्यानंतर तुमच्याकडे बँकेचे किती पैसे उरले? निम्मे. मग व्याज पुऱ्या लाखाचें कां? वर्षभराचें सरासरी देणें चोपन्न हजारांच्या आसपास पडतें आणि व्याज पुरे बारा हजार, म्हणजे खरा दर वार्षिक साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. वर माझ्या उदाहरणांत सव्वा टक्का उतरत्या शिलकीवर होता. ऐकतांना तो एका टक्क्याहून महाग वाटतो, प्रत्यक्षांत स्वस्त आहे. यासाठीं दर विचारूंच नये, असें माझें मत बनलें आहे. 'शुल्क व कर धरून माझ्या हातून एकंदर किती रुपये जातील?' एवढा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी मागावें.

आतां माझी हकीकत पुढें नेतों. देणें हललें, आणि त्या दिवशीं मी उगाच पेढे घेऊन घरीं गेलों. पत्नीनें कारण विचारलें, तेव्हां पूर्वीच्या एका विद्यार्थ्याच्या नोकरीचें निमित्त सांगितलें. कार्डाच्या देण्याविषयीं तिला ठाऊक नव्हतें. तिच्याच शस्त्रक्रियेचे पैसे, आणि ते तिला कळूं नयेत म्हणून माझी सगळी धडपड! ही लाजच पुढें मला महागांत पडली.

पहिला चटका लहान होता. नव्या बँकेनें पैसे पाठविले ते जुन्या बिलाच्या आंकड्याइतके. पण बिल निघाल्याच्या दिवसापासून पैसे पोंचण्याच्या दिवसापर्यंतचें व्याज मागाहून दुसऱ्या बिलांत आलें. रक्कम हजाराच्या आंतली. माझ्या मतें तें खातें मिटलेलें होतें, म्हणून मीं पाकीट उघडलें नाहीं. पुढील महिन्यांत त्यावर विलंबाचा दंड लागून आला. बदली झाल्यावरहि दोन महिने जुन्या कार्डाचें बिल डोळ्यांखालून घालावें, आणि पैसे पोंचल्याची खात्री होईपर्यंत जुन्या कार्डाचा भरणा थांबवूं नये.

दुसरा चटका मोठा, आणि तो कोणत्याहि बँकेनें दिलेला नाहीं. जुनें कार्ड पाकिटांतच होतें. त्यावरची बाकी शून्य, म्हणजे एक लाखाहून अधिक मर्यादा पुन्हां मोकळी. माणसाला मोकळी मर्यादा ही शिलकीसारखी दिसूं लागते. नातवाची सायकल घेतली. धुलाईयंत्र बिघडलें, नवें घेतलें. दिवाळींत मुलीला माहेरपणाला बोलाविलें होतें. हात आंखडता कसा घ्यावा? एकेक खर्च पाहिला तर त्यांत उधळपट्टी म्हणावी असा एकहि नाहीं. परंतु निवृत्तिवेतनांतून नऊ हजारांचा हप्ता जात होता, त्यामुळें जुन्या कार्डाचें बिल पुरें भरतां येईना, आणि मी पुन्हां लहान आंकड्यावर आलों. दहा महिन्यांत त्या कार्डावर साठ हजार रुपये उभे राहिले. सोसायटीच्या ओट्यावरचा शेतकरी निदान एकाच जागीं देणेकरी असे. मी दोन जागीं झालों.

हें उघडकीस आलें तें पत्नीच्या जमाखर्चाच्या वहीमुळें. आमच्या घरीं दूध, भाजी, वर्तमानपत्र सगळें तिच्या वहींत असतें. निवृत्तिवेतन जेवढें येतें आणि वहींत जेवढें उतरतें त्यांत नऊ-दहा हजारांची तफावत तिला बरेच महिने दिसत होती; तिनें ती मुलाला गुपचूप मदत म्हणून सोडून दिली होती. अखेर एका दुपारीं तिनें विचारलें, 'अहो, मुलगा तर म्हणतो बाबांनीं मला एक पैसा दिला नाहीं. मग पैसे जातात कोठें?' मीं दोन्ही बिलें तिच्यापुढें ठेविलीं. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, 'ठेवीवर आपल्याला काय मिळतें?' सात टक्के, मीं सांगितलें. 'आणि हे काय घेतात?' बेचाळीस. ती सातवी शिकलेली आहे. पुढचा हिशोब तिनें मला सांगावयास लावला नाहीं.

एका हातानें बँकेला सात टक्क्यांनीं पैसे वापरावयास द्यावयाचे आणि दुसऱ्या हातानें बेचाळीस टक्क्यांनीं तेच उसने घ्यावयाचे, हा खेळ पुष्कळ प्रतिष्ठित घरांतून चाललेला असतो. एक लाखाच्या मागें वर्षाला पस्तीस हजारांचा तोटा, आणि तो 'ठेव मोडली नाहीं' या समाधानाची किंमत म्हणून. ठेव मोडावयाची नसेल तर ठेवीच्या तारणावर बँक कर्ज देते. त्याचा दर ठेवीच्या दराहून साधारण एक-दोन टक्केच अधिक असतो. सोन्याच्या तारणावर मिळणारें कर्जहि कार्डापेक्षां पुष्कळ स्वस्त पडतें. नोकरींत असलेल्या शिक्षकांना आपली पतसंस्था आहे. माझें सभासदत्व निवृत्तीबरोबर संपलें होतें. देणें दुसऱ्या कार्डावर हलविण्याचा विचार या सर्व वाटा पाहून झाल्यावर करावा. मीं तो सर्वांच्या आधीं केला, कारण टेलिफोन घरीं चालत आला होता आणि तारणासाठीं बँकेंत जाऊन ओळखीच्या व्यवस्थापकापुढें उभें राहावें लागलें असतें.

एवढा भारी दर कायद्याला चालतो कसा, असें आपणांपैकीं कोणी मनांत विचारीत असेल. आपल्या प्रांतापुरतें बोलावयाचें तर या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. हिंदु धर्मशास्त्रांतील दामदुपटीचा नियम असा कीं एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक असतां कामा नये. मुंबई इलाख्यांतील न्यायालयें तो नियम इंग्रजी अमदानींतहि पाळीत. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे व वह्या जाळल्या, तें लोण आसपासच्या गांवांत पसरलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यानें न्यायाधीशाला रोख्यावरचा आंकडा बाजूस सारून कर्जाचा हिशोब मुळापासून तपासतां येऊं लागला. बँकांच्या बाबतींत आज याच्या उलट स्थिति आहे. बँकिंग नियमन कायद्यांत १९८४ पासून २१-अ हें कलम आहे. व्याज अवाच्या सवा आहे एवढ्याच कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाला उकरून काढतां येत नाहीं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं, मुदतींत पैसे न भरणाऱ्या कार्डधारकाकडून वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणें ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय दिला होता. २० डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द केला. दर ठरविणें आयोगाच्या अधिकारांत नाहीं, तो रिझर्व्ह बँकेच्या कक्षेंतला विषय आहे, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. कायद्याच्या दृष्टीनें तें बरोबरच असेल. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसाला मात्र दामदुपट सांगणारे स्मृतिकार अधिक व्यवहारी वाटतात. कसेंहि असो, दर कोणी येऊन कमी करील या आशेवर राहण्यांत आतां अर्थ नाहीं.

इतकें सगळें सांगून मी देणें हलवूंच नका असें म्हणणार नाहीं. ठेव नाहीं, सोनें नाहीं, दरमहाचें उत्पन्न नियमित आहे आणि देणें एका वर्षाच्या आंत फिटेल इतपतच आहे, अशा घराला ही सोय खरोखर उपकारक आहे. मात्र ती वेळेवर घ्यावी. हप्ते चुकूं लागले कीं त्याची नोंद पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्यांकडे जाते, आणि मग कोणतीच बँक दुसऱ्याचें देणें अंगावर घेत नाहीं. ज्याला तिची सर्वांत अधिक गरज, त्याला ती मिळत नाहीं, असा हा प्रकार आहे. नवी बँक बहुधा आपल्या कार्डाच्या मर्यादेच्या कांहीं हिश्श्याइतकीच रक्कम स्वीकारते. उरलेल्या रकमेचें काय करणार, हें आधींच ठरवून ठेवावें. हप्ता चुकल्यास सवलतीचा दर काढून घेण्याची अट पुष्कळ ठिकाणीं असते, ती विचारावी. आणि नव्या कार्डावर खरेदी करूंच नये. हलवून आणलेलें देणें शिल्लक असेतों तेथील नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाहीं असा नियम पुष्कळ योजनांत असतो. नवें कार्ड पाकिटांत ठेवण्याची वस्तुच नव्हे. तें कपाटांत असावें.

आमच्या घरीं शेवटीं असें झालें. ठेवींतील एक लाख मोडून जुन्या कार्डाचे साठ हजार आणि नव्याचे राहिलेले हप्ते एकदम भरले. मुदतीपूर्वीं फेड केल्याबद्दल नव्या बँकेनें थोडें शुल्क घेतलें. तेंहि आधीं विचारावयाचें राहिलें होतें. पूर्वीं जो हप्ता बँकेला जात होता तो दर महिन्याच्या पांच तारखेस पत्नी आतां ठेवींत परत घालते आणि वहींत 'ठेवीचा हप्ता' म्हणून लिहिते. जुनें कार्ड मीं कात्रीनें कापून टाकलें आणि काम झालें असें समजलों. तसें नसतें. कार्ड कापल्यानें खातें बंद होत नाहीं. वार्षिक शुल्क लागूं शकतें. बंद करण्याची मागणी लेखी करावी लागते. सर्व देणें फिटलेलें असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत खातें बंद झालें पाहिजे, आणि न केल्यास बँकेनें दर दिवसाला पांचशें रुपये कार्डधारकाला द्यावेत, असें रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं ठरवून दिलें. मीं तसा अर्ज केला. पत्नीनें त्याची नक्कल आपल्या वहींत चिकटवून खालीं तारीख घातली आणि रोज एकेक दिवस खोडीत गेली. पांचव्या दिवशीं बँकेचें उत्तर आलें. 'आपलें खातें बंद करण्यांत आलें असून कोणतीहि बाकी नाहीं,' एवढीच ओळ होती. तें पत्र मीं फाइलींत ठेवावयास घेतलें, तर तिनें माझ्या हातून काढून घेतलें. तें तिच्या वहींतच आहे.